फक्त एकच पायरी

फोनवर तो म्हणाला, या की, काही अडचण नाही,
फक्त एकच पायरी आहे.
किती उंच, मी विचारलं.
पलीकडे ग्लासांचा खणखणाट, मग तोच, जरा लांबून :
अहो, पायरीएवढी.

डंडीत, टे नदीवरून येणारा वारा
चाकांच्या आऱ्यांतून शीळ घालत जातो.
नोव्हेंबरात हातमोजे ओले, आणि मॉरवेन
मागून छत्री धरते ती अशी
की छत्रीचं सगळं पाणी माझ्या मानेत.
बहीण आहे. बोलून उपयोग नाही.

दारात डूगल, दाराएवढाच.
त्यानं पायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि रांगेतून आणखी तिघे जमवले.
कुठे धरायचं, हे मला कुणी विचारलं नाही.
एकानं पावदान धरलं, ते निखळून त्याच्या हातात आलं.
गेले वर, तिरकी होत,
माडीवर कपाट चढवतात तशी,
आणि रांगेनं टाळ्या वाजवल्या.
चौघांसाठी.
कार्यक्रम अजून सुरू व्हायचा होता.

माझी जागा ठरलेली. खांबामागे, कोटांच्या खुंट्यांखाली.
सोबत एकच माणूस, असा नियम.
दोन गाणी दिसली.
तिसऱ्याला सगळे उठले आणि दिसू लागल्या पाठी.
या शहरातली निम्मी माणसं मी ओळखते
मागच्या खिशातल्या पाकिटांवरून.
कुणीतरी ओला कोट माझ्या डोक्यावरच्या खुंटीला लावला.
थेंब थेंब, तालात नाही.

पण बास वाजला
की खुर्चीची नळी न् नळी भरून येते.
मांड्यांना कळत नाही, तळहातांना कळतं.
उभ्या असलेल्यांना हे मिळत नाही.
मी कुणाला सांगतही नाही.
सांगितलं तर म्हणतील, मग आणखी काय हवं तुला?

मध्यंतरात संडास.
दारावर चाकाचं चित्र, आत नाताळचं प्लास्टिकचं झाड,
दोन बादल्या, माइकची मोडकी दांडी.
मॉरवेन झाड बाहेर ओढते, शिव्या देते,
तिच्या केसांत चंदेरी झिरमिळ्या.
मी दार लावून घेते. हसू येतं, राग येतो,
दोन्ही घाईचे.

परतताना बोळात तो फोटो.
चांगली भिंत बँडच्या पोस्टरांनी घेतलेली,
म्हणून कुणीतरी त्याला खाली लावलेलं,
बरोबर माझ्या डोळ्यांसमोर.
हीच इमारत, तागाची गिरणी होती तेव्हाची.
हेच दार, आतापेक्षा दुप्पट रुंद,
आणि दारापासून रस्त्यापर्यंत
दगडी उतार.
उतारावर हातगाडी. गाडीवर सात गासड्या, मी मोजल्या.
ढकलणाऱ्या दोन बायका, बाह्या दुमडलेल्या,
कॅमेऱ्यावर वैतागलेल्या.
बंगालचा ताग बोटीतून उतरून
न अडखळता सरळ आत.
गासडीला कुणी विचारलं नसेल,
फक्त एकच पायरी आहे, चालेल ना?

पिट्रीसाहेबांना बोलावलं.
ते नेहमीसारखं म्हणाले, इमारत जुनी आहे,
तिचं मूळ रूप बिघडवता येत नाही.
मी बोट दाखवलं.
ते वाकले. त्यांचं डोकं पहिल्यांदाच
माझ्या डोक्याशेजारी आलं.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
हं, म्हणाले.
आत व्हायोलिन जुळवत होते.

निघताना मॉरवेननं पायरीवर हात टेकवून
अंगठा-करंगळी ताणली.
एक वीतसुद्धा भरली नाही.

पुढल्या महिन्यात गेले तर फोटो जागेवर नाही.
सुताराकडे दिलाय, म्हणे, मापं घ्यायला.
असेलही.
भिंतीवर एक फिकट चौकोन आहे.
पायरी आहे.
आणि डूगल आहे, ज्याला मी आता सांगते :
इथे धर. इथे नको. आणि मी म्हणेन तेव्हाच.