चौथं वजन

ब्रिस्टलच्या या उतारावर
अकरा घरं खांद्याला खांदा लावून उभी.
सातवं किंचित कललंय,
आठव्याच्या अंगावर रेलून.
मधली भिंत दोघांची.
पलीकडे मिसेस थ्रिस्क खोकल्या
की इकडे चुन्याचा पापुद्रा सुटतो.

दर्शनी बाजू मधाच्या रंगाच्या घडीव दगडाची.
मागची मात्र ओबडधोबड,
तिकडे कोण बघायला जाणार होतं!
खिडक्यांचं गणित घर बांधतानाच ठरलेलं:
पहिल्या मजल्यावर मालकिणीच्या दुप्पट उंच,
त्यावर कमी, त्यावर आणखी कमी,
माळ्यावर मोलकरणीचा
चेहरा मावेल एवढी.
जिनाही तसाच. खाली महोगनीचा गुळगुळीत कठडा,
तिसऱ्या वळणावर तो गुपचूप
साध्या देवदाराचा होतो,
हातात कुसळं भरतात.

लोवेल हेस्केथ, वय एक्याऐंशी,
दोन स्वेटर घालून मला म्हणतो,
दुहेरी काच बसव, बाई, हाडं गारठली.
पालिकेची अधिकारीण कागद काढते:
घर वारसा यादीत आहे.
काच तीच, चौकट तीच.
थंडीही तीच, हे ती बोलत नाही.

मी टेग्वेन प्राइस, सुतारकाम करते.
वर सरकवायची ही खिडकी
रंगाच्या थरांखालून मोकळी करते,
बाजूची फळी उचकटते
आणि पोकळीत हात घालते, कोपरापर्यंत.
दोऱ्यांना टांगलेली लोखंडी वजनं:
एक, दोन, तीन.
चौथ्या जागी लोखंड नाहीच.
सुतळीच्या जाळीत बांधलेला
नदीकाठचा गोटा.

म्हणजे कुणीतरी लोखंडाचे पैसे खिशात घातले
आणि उतार उतरून दगड शोधून आणला.
किंवा मुकादमाने चौथं दिलंच नसेल,
आणि अंधार पडत आला असेल.

हेस्केथ गोटा तळहातावर जोखतो.
बराच वेळ.
"चाळीस वर्षं आयरीस मला बोल लावायची,
की तुला साधी खिडकी सरळ उघडता येत नाही."

अधिकारीण फॉर्मवर पेन टेकवते, थबकते,
मग लिहिते: मूळ भाग. जतन करावा.

मी नवी दोरी ओवते,
गोटा परत बांधते, गाठ मात्र माझी.
खिडकी उठते, डावीकडे अडखळते,
नदीवरचा वारा फटीतून आत घुसतो
आणि हेस्केथ
तिसरा स्वेटर शोधायला जातो.