वाघूर

भिशीचे आले एकोणीस हजार,
आणि गोराईतला हा दीड गुंठा,
मागे खाजण, पुढे पास्कोलची जास्वंद.
एवढ्यावरून तीन आठवडे आमचं जमेना.

मायाप्पा म्हणे, मेंढ्या.
मी म्हणे, शेळ्या.

मेंढी मान खाली घालून चरते, तो म्हणाला,
कुणाच्या दाराला तोंड लावत नाही,
एक वळली की सगळ्या वळतात.
तेच तर, मी म्हटलं,
एक खाडीत उतरली
तर काठावर मोजत बसशील का?

सल्ल्याला शेजारी होतेच.
शेळ्या हाकायला गोराईत उंट लागत नाही,
बाकडं पुरतं.
पास्कोल म्हणाला, डुक्कर पाळा.
त्याची आई म्हणाली, वाघ पाळा,
पण माझ्या जास्वंदीपासून लांब बांधा.

बत्तीस वर्षं मायाप्पाने महापालिकेच्या पंपावर काढली,
दुसऱ्यांचं पाणी सोडत आणि बंद करत.
झोपेत अजून हुर्र करतो.
सांगोल्याकडचं त्याचं रान मी एकदाच पाहिलं,
लग्नानंतर. ओठ फुटले माझे उन्हाने.
तिथे लोकर वाळते.
इथे आषाढात बरणीतलं मीठ पाझरतं.
चार महिने ओल्या लोकरीखाली काय होईल,
खुरांच्या बेचक्यात काय होईल,
जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बोटं मोडून सांगितलं.
तो ऐकत होता,
म्हणजे पंख्याकडे बघत होता.

मग एका रात्री, दिवा मालवल्यावर:
तुझ्या बापाचं डोलीचं जाळं आहे ना माळ्यावर?
त्याची वाघूर होईल.
हा शब्द मला ठाऊक नव्हता.
रात्री मेंढरांभोवती जाळं लावतात, म्हणाला,
आत मेंढरं, बाहेर लांडगा,
आणि जाळ्याला टेकून झोपलेला माणूस.
आमच्यात जाळ्यात आलेलं वाचत नाही, मी म्हटलं.
तो हसला नाही.
खाजणात कोल्हा ओरडला, मग दुसरा.

देवनारला सकाळी पोचलो.
मी दात बघत होते, कास बघत होते,
मागे वळले तर हा नाही.
पलीकडे एका काळ्या दख्खनी मेंढीच्या लोकरीत
मनगटापर्यंत हात घालून उभा.
विकणारा पोरगा भाव सांगत होता,
उतरवत होता, पुन्हा सांगत होता.
ह्याने हात काढला. नाकाशी नेला.
तसाच आला, माझ्याकडे न बघता,
आणि कन्याळ शेळी त्यानेच निवडली,
खूर दाबून, पाठ चाचपून,
मला जमली नसती इतकी चांगली.
गाभण आहे, म्हणाला.
दोन आहेत आत.

बोरिवलीच्या धक्क्यावर फेरीबोटवाला अडला,
जनावराचं तिकीट किती लावायचं?
तो ठरवेपर्यंत
तिने आमची दोन्ही तिकिटं खाल्ली.

आता महिना झाला.
जास्वंद गेली. पास्कोलची आई बोलत नाही,
पण चहाची पावडर आणि भाजीचे देठ
पिशवीत घालून कुंपणाला अडकवते.
कुंपण म्हणजे बापाचं जाळं.
मायाप्पाने शिवलं, चार खुंट्यांना ताणलं.
खारट वास अजून गेला नाही त्याचा,
कोल्हे जवळ येऊन परत जातात.

काल सासऱ्याचं घोंगडं उन्हात टाकलं होतं.
बघते तर वीतभर कोपरा हिच्या तोंडात.
लपवायला धावले,
तर मायाप्पा दारात.

थांब, म्हणाला. ओढू नकोस,
दशा दातांत अडकल्यात.

खाली बसला, गुडघे मोडत,
आणि एकेक काळा धागा
तिच्या तोंडातून सोडवू लागला,
हळूच हुर्र, हुर्र करत,
जे तिला काही केल्या कळत नाही.