स्वभावाचा रकाना

जिरी जिऱ्याच्या रंगाची, गावठी,
कान मोडके, पाय आखूड,
पण रात्री भातात डुक्कर शिरलं
की तिचं भुंकणं वेगळंच उमटायचं.
माळ्यावर कूस बदलत लुमाण्णाकाका म्हणायचा,
"पाच हाईत. एक पिलांची."
सकाळी चिखलात तेवढेच खूर.

पळायला मात्र कमी पडायची.
डुक्कर नाल्यापलीकडं पोचून
मागं वळून तिची वाट बघायचं म्हणे.

म्हणून त्या मार्गशीर्षात ती माजावर आली तेव्हा
विटांच्या रिकाम्या टेम्पोत, पोत्यावर बसवून
नंदगडहून थेट लोकापूर.
माझं अक्षर बरं, म्हणून वही घेऊन मी मागं.

बसलिंगाप्पा तळवारांच्या परड्यात
तो उभा होता, मुधोळचा,
पोट पाठीला लागलेलं, वाळल्या चिंचेसारखा वाकडा,
आमच्याकडं न बघता क्षितिजाकडं बघणारा.
काकानं त्याच्या बरगड्या खरंच मोजल्या.

व्यवहार ठरला. पैसे नाहीत.
पहिलं पिल्लू निवडायचा मान त्यांचा.
आणि एक अट, ती त्यांनी तीनदा सांगितली,
अर्धी मराठीत, अर्धी हातवाऱ्यांत:
सोडताना "हिडी" म्हणायचं.
"पकड म्हटलं तर उभंच राहतंय बघा."
काका हसला नाही. मला म्हणाला, लिही.

त्रेसष्टाव्या दिवशी, जळणाच्या खोपीत, पाच.
एक मेलेलं.
मी रकाने आखले: आई, बाप, तारीख, रंग.
काकानं शेवटी आणखी एक आखायला लावला, स्वभाव,
आणि दम दिला,
वर्षभर त्यात काही लिहायचं नाही.

तळवार एस्टीनं आले. सगळ्यात लांब पायांचं
सदऱ्याच्या आत घालून घेऊन गेले.
एक जांबोटीकडच्या गवळ्याला दिलं, म्हशींमागं.
एक बिबट्यानं नेलं, त्याचा रकाना तसाच.
उरलं ते एक कान उभा, एक पडलेला.
नाव सुचेपर्यंत "अर्धा" म्हणत होतो,
तेच राहिलं.

तोवर गार्ड येऊन आजोबांची वाघर घेऊन गेला.
काकानं कागदावर सही केली.
आता मारायचं नाही, नुसतं हाकलायचं.
म्हणजे "हिडी" म्हणून सोडायचं
आणि न पकडायला शिकवायचं.
पावसाळाभर काका बांधावर ओरडत होता,
हिडी, आणि नाल्यापाशी, थांब रे, थांब!
शेजारचे म्हणायचे, याचं डोकं फिरलं.

आश्विनात भातात दूध भरलं तेव्हा ती आली.
अर्धा सुटला, तो मी बघितलाच नाही,
फक्त भाताची एक रेघ वाकली.
तीन उड्यांत कळपाच्या पुढं,
मग नाल्याच्या काठावर पाय रोवून
आईसारखाच भुंकायला लागला.
"सहा," काका म्हणाला, आणि बॅटरी लावली.
मांडी फाटली होती. हळद भरली,
गोणी शिवायच्या दाभणानं टाके घातले.
त्यानं काकाचा हात चाटला, मग सुई हुंगली.

लोकापूरहून फोन आला. तळवार वैतागलेले.
त्यांचं पिल्लू वाऱ्यासारखं पळतंय,
पण शर्यतीत मधेच थांबून
कुणाच्यातरी करडाजवळ जाऊन बसतंय.
घरी वासराला सोडतच नाही.
"बदलून घ्यायचं काय?" काकानं विचारलं.
दोन्हीकडं कुणीच बोललं नाही.
मग तळवारांनी भाताचा भाव विचारला.

वर्ष भरलं तसं मी वही उघडली.
अर्ध्यापुढं काकानं सांगितलं, "पळतंय. ऐकतंय. कधीकधी."
दुसऱ्यासाठी फोन लावला,
ते तिकडं काय करतंय असं विचारलं.
तळवार म्हणाले, "सुम्मने कुंतदे."
काकानं मराठी शब्द शोधला,
उगीच, गप, नुसतंच,
एकही पुरेना.
मी कानाला लागलं तसं लिहिलं.