निशाणी

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या पतसंस्थेत
माणसं मागून येतात,
आधी टेबलांवर बाटल्या येतात.

मगदूम साहेबांची तांब्याची,
दर शनिवारी चिंचेनं घासलेली.
मुल्लाणी मॅडमची निळी; तिच्यावरचं अस्वल
पुसट झालंय, पोरगा आता इंजिनिअरिंगला.
गाताडे शिपायाची काचेची, चौकोनी,
लेबल खरवडून काढलं तरी
पूर्वी आत काय होतं ते तिच्या खांद्यांवरून कळतं.
‘औषधाची आहे,’ म्हणतो, आणि कुणी हसत नाही
कारण हसून झालंय दहा वर्षांपूर्वी.

मग सरनोबतांची ऋतुजा रुजू झाली.
बाटली गुलाबी, उंच, वर धरायला कडी,
बर्फ टाकला तर दुसऱ्या दिवशीही खुळखुळतो म्हणे.
किंमत तिनं सांगितली नाही.
आम्ही सगळ्यांनी शोधली, आपापल्या मोबाइलवर,
एकमेकांना न दाखवता.

महिन्याभरानं मी राजारामपुरीत सातव्या गल्लीत गेले.
चौदाशे रुपये. मोरपंखी. झाकणात नळी.
घरी सांगितलं, साडेचारशे.
नवरा म्हणाला, साडेचारशे? आत पाणीच ना?

पाणीच.
सकाळी साडेसहाला येणारं,
पहिली बादली गढूळ म्हणून सोडून द्यायची, तेच.
पण ते आता माझ्या डाव्या हाताला उभं राहायचं
आणि कर्जदार बोलता बोलता तिकडं बघायचे.
मला वाटायचं, बघतायत.

पोचा पडला सीपीआरमध्ये.
वडिलांना ठेवलं होतं त्या रात्री
बाकावरून निसटली, जिन्यानं खाली गेली,
पायरी पायरी वाजत.
अख्खा वॉर्ड जागा झाला.
वडील तेवढे झाले नाहीत.

तेव्हापासून पोचा भिंतीकडं करून ठेवायचे.

नळीचं एक असतं.
गाताडेची बाटली कुणीही उचलायचं,
मान मागे टाकून वरून प्यायचं.
माझी कुणी मागितली नाही कधी.
तोंड लावलेली नळी, कोण कुणाचं उष्टं.
मीही कधी ‘घ्या’ म्हटलं नाही.

परवा ती बावड्याच्या बसमध्ये राहिली.

डेपोत बाबासो इंगवले म्हणून एक गृहस्थ.
फळीवर सतरा बाटल्या, तीन छत्र्या,
आणि एक डबा, उघडायची कुणाची छाती नव्हती.
‘निशाणी काय, ताई?’
मोरपंखी, म्हटलं.
‘मोरपंखी चार हाईत.’
चौदाशेची आहे, म्हटलं.
‘किंमत लिवायला रकाना न्हाई.’
मग पोचा सांगितला.
तळापासून किती वर, किती खोल,
अंगठा कसा नेमका बसतो त्यात.
सांगताना आवाज हलला असावा,
ते रजिस्टरमधून वर न बघता लिहीत राहिले.

‘पाणी न्हाई हां आत.
शुगर मिलच्या स्टॉपला एका म्हाताऱ्याला चक्कर आली,
कंडक्टरनं पाजलं.
नळी काढाय लागली. वरनं वतता येईना.’
तिकिटांच्या कागदात गुंडाळलेली नळी त्यांनी
उरलेले सुट्टे द्यावेत तशी हातावर ठेवली.

म्हातारा कोण, विचारलं नाही मी.
बरा झाला का, तेही राहिलं.
रिक्षात बसल्यावर आठवलं.

आज बाटली टेबलावर आहे.
नळी पर्समध्ये, पावत्यांखाली कुठंतरी.
दुपारी गाताडेची रिकामी होती,
त्यानं इकडं तिकडं बघितलं,
मी सरकवली.
तो थांबला जरा. झाकण बघितलं. माझ्याकडं बघितलं.
मग मान मागे, हात उंच,
धार चुकली, थेंब रोजकिर्दीवर,
माझ्या अक्षरातला एक सात पसरला, निळा.

अरे, अरे, साहेब म्हणाले.
गाताडे बाहीनं तोंड पुसत म्हणाला,
‘गार हाय की, मॅडम.’