सहीची आवश्यकता नाही

नोटीस रात्री दोन वाजून सात मिनिटांनी आली.
त्या वेळी माझगावची कचेरी कुलूपबंद असते,
गोदीतली एखादी क्रेन तेवढी दिवा लावून उभी.
म्हणजे कोणी लिहिली नाही ती;
आकड्याला आकडा जुळला नाही, एवढ्यावर उगवली.
तळाशी ओळ : हे पत्र संगणकाने तयार केले आहे,
सहीची आवश्यकता नाही.

लखमशीभाई गाला, नागदेवी गल्ली,
स्प्रिंगांचे व्यापारी. गादीतल्या, पेनातल्या,
आणि एक अशी बारीक, की तिचं लोक काय करतात
हे त्यांनाही चाळीस वर्षांत कळलेलं नाही, पण खपते.
भिवंडीच्या ज्याच्याकडून माल घेतला
तो कर खिशात घालून, शटर ओढून गेला.
आता तेवढाच कर पुन्हा यांनी भरायचा. वर व्याज.
"बेन, मी तर पैसा दिलाय ना?"
आणि पावती उजेडाकडे धरतात,
एक्स-रे धरावा तशी.

मी वकील नाही, करसल्लागार.
विक्रीकराच्या काळात कार्बन घालून चलनं भरली,
मग व्हॅट आला, तो शिकले, मग जीएसटी,
आता आयकराचा कायदाच नवा :
पाठ असलेली कलमं घरं बदलून गेलीत,
जुन्या दारावर टकटक केली
तर भलतंच कोणी दार उघडतं.

अन्वय, माझा नवा मदतनीस, चहा निवायच्या आत म्हणाला,
"मॅडम, उत्तर तयार."
अकरा पानं. भाषा इतकी गुळगुळीत
की बोट ठेवावं तर घसरतं.
सातव्या पानावर एक निवाडा,
कुसुम बटन वर्क्स विरुद्ध राज्य. त्यात म्हटलंय :
पावती जपून ठेवणाऱ्या माणसाला
राज्याने आधी पाणी विचारावं, मग हिशेब.

मी तीनदा वाचलं. मग शोधायला बसले.
संकेतस्थळावर नाही. फोर्टातल्या ग्रंथालयात
शिडीवर चढून जाडजूड खंड काढला,
तर त्या पानावर गुळाच्या ढेपींचा खटला.
यंत्राला विचारलं. ते म्हणालं, माफ करा,
आणि तत्परतेनं दुसरा निवाडा काढून दिला.
तोही नव्हता.

अन्वयचे कान लाल.
"असलं काही दाखल केलं, तर दंड
तुझ्या यंत्राला होत नाही, बाळा.
तिथे सही लागते. माझी."

पण लाल पेन त्या ओळीपाशी येऊन थांबलं.
चौतीस वर्षं निवाडे वाचतेय,
आणि हे वाक्य मला हवं होतं,
हे ते वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं.
कुठून उचललं असेल त्यानं?
कुठल्या कुसुमनं, कुठल्या बटनांच्या ढिगात बसून
कधी कोणाला हे विचारलं असेल,
आणि उत्तरच आलं नसेल?

ओळ खोडली. अकरा पानांची तीन झाली.

गुरुवारी सुनावणी. अधिकारी इरावती हुलावळे,
वय असेल तिशीचं, मनगटाला पट्टा बांधलेला,
माऊस धरून धरून दुखत असावं.
"सर्व्हर बंद आहे, बसा."
बसलो. लखमशीभाईंनी खिशातून एक स्प्रिंग काढली,
दाबत राहिले, सोडत राहिले.
चाळीस मिनिटं पडद्यावर एक वर्तुळ फिरत होतं.
कधीतरी त्यांना ठसका लागला,
आणि बाईंनी मान वर न करता
स्वतःची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

निकाल नाही. पुढची तारीख एकोणीस.

जिना उतरताना मी कठड्यावर फाईल टेकवून
आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं :
पाणी विचारलं. गुरुवार.
खाली सही केली.

"काय लिहिलं, बेन?"
"काही नाही. तारीख."