सामू

प्रश्न सदतिसावा.
जिन्यातला दिवा दर दोन मिनिटांनी विझतो,
ज्याची पाठ भिंतीला, त्यानं बटण दाबायचं
असा आमचा करार.
वर अभ्यासिकेत बोलायला बंदी,
खुर्ची करकरली तरी काका चष्म्यावरून बघतात.
म्हणून नारायण पेठेतल्या या जिन्यावर
विजेच्या मीटरांच्या घरघरीखाली
चौघांचं आमचं रसायनशास्त्र.

'हायड्रोक्लोरिक आम्ल,
दहाचा उणे आठवा घात मोलर. सामू किती?'
रेवण असंच वाचतो. सामू.
कौमुदी हसते. पीएच म्हण रे,
सामू काय, कुणाच्या मामाला हाक मारल्यासारखं!
रेवणही हसतो.
अक्कलकोटजवळच्या त्याच्या शाळेत
सरांनी लिटमसचा एकच कागद
बेचाळीस पोरांना लांबून दाखवला होता
आणि फळ्यावर तो शब्द लिहिला होता.
अजून त्याला प्रत्येक प्रश्न
आधी मराठीत न्यावा लागतो,
तिथे सोडवून परत आणावा लागतो.
जायचं भाडं वेगळं, यायचं वेगळं.

अ, आठ.
ब, सात.
क, सहा पॉइंट नऊ आठ.
ड, सहा.

आठ, मी म्हणालो. घाताचं चिन्ह उलटं केलं की झालं.
मी रिपीटर.
गेल्या वर्षी माझे एकवीस गुण
नुसत्या चुकीच्या खात्रीनं खाल्ले,
तरी चौघांत आवाज माझाच मोठा.
कौमुदीचंही आठ.
रेवणनं आठला पेन्सिलीनं गोल केला,
हलका, खोडता येईल असा.

दिवा गेला.

अंधारात तबस्सुम म्हणाली,
पण ते आम्ल आहे ना?
कितीही पातळ केलं
तरी आम्लाचं आम्लारी कसं होईल?

बटणाकडे कुणाचाच हात गेला नाही.
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं,
एक, दोन, पाच.

आणि पाणी? ती म्हणाली.
पाण्याचं स्वतःचं थोडं असतंच की.
ते आपण धरलंच नाही.

तिची आई इंदापुरात ब्लाऊज शिवते,
हिशेबात दोऱ्याचेही पैसे धरते.
हे तिनं कधी सांगितलं आठवत नाही,
पण मला त्या अंधारात ते आठवलं.

मग मेसच्या कुपनामागे वर्गसमीकरण,
एकदा चुकलेलं, एकदा मोबाईलच्या उजेडात पुन्हा.
सहा पॉइंट नऊ आठ.
सातच्या केसभर खाली. जेमतेम आम्ल.

म्हणजे मेसची आमटी, रेवण म्हणाला,
डाळ दिसत नाही, पण म्हणायचं आमटीच.
आम्ही इतके हसलो
की वरचं दार उघडून काका जिन्यात आले
आणि चौघांचेही खुर्ची नंबर लिहून घेतले.

तो प्रश्न परीक्षेत आला नाही.
रेवण परीक्षेआधीच गेला, मार्चमध्ये,
एकसष्ट नंबरच्या खुर्चीवर
दुसऱ्याच दिवशी नवी पाण्याची बाटली होती.
तबस्सुम मिरजेला लागली.
कौमुदीचा नंबर माझ्याकडे आहे, कधी लावलेला नाही.

मी धनकवडीत औषधाच्या दुकानात उभा असतो.
परवा एक बाई बाळाचा साबण उलटसुलट करत होत्या,
हे साडेपाच काय लिहिलंय हो?
सामू, मी म्हणालो.
काय?
पीएच, मी म्हणालो.
हां, मग ठीक, त्या म्हणाल्या,
आणि सुट्टे द्यायला
पर्सच्या तळाशी बराच वेळ शोधत राहिल्या.