तिसरी पाळी

एकतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात
पट्ट्यांमागे दिवा धरून मी बघत बसायचो
कुठला खिसा रिकामा राहिलाय.
दहा खिसे, दहा गोळ्या. नऊ चालायच्या नाहीत.
रात्री अकरा ते सकाळी सात,
आणि मग दुपारी, रावपुऱ्यातल्या खोलीत,
खिडकीला आईचं जुनं लुगडं लावून बळेच अंधार.

आता अंधार खरा आहे, भरपूर आहे,
आणि झोप दारात येऊन उभी राहते,
परक्या घरी आल्यासारखी
चपलाच काढत नाही.

गोळीचं घरातलं नाव अर्धी.
"अर्धी घेतलीत का?" प्रभावती विचारते
आणि उत्तर यायच्या आत घोरू लागते.
मी अडकित्त्याने कापतो.
चुरा उडतो, तो बोटाने टिपून जिभेवर.
वाया कसा घालवू?
मी पॅकिंगचा माणूस.

दिवाळीनंतर अर्धीची एक झाली.
एकीने पाय कापसाचे झाले.
मोरीच्या उंबऱ्याशी पडलो तेव्हा पहाटेचे चार.
मनगट मोडलं ते मला सकाळी कळलं,
रात्री गोळीने कळू दिलं नाही.
डॉक्टर पारुलबेन म्हणाल्या, काका, एकदम सोडू नका,
पण हळूहळू पावावर या.
पाव!
आमच्या लायनीत पाव म्हणजे रिजेक्ट.

जशुभाई गोरव्याला राहतो. त्याच लायनीवरचा.
गुडघे दोन्ही नवे, झोप जुनीच.
तीन वाजता मिस्ड कॉल देतो.
एक रिंग: जागा आहे.
दोन: पोटऱ्यांत गोळे आलेत.
मी एक रिंग परत देतो.
बोलत नाही आम्ही. मशीनच्या आवाजात
पाळीवर बोलायची सवयच लागली नाही.
मध्ये विश्वामित्री, तिच्यात मगरी,
त्याही म्हणे एक डोळा उघडा ठेवून झोपतात.

परवा मात्र मला रिंग ऐकूच आली नाही.
नंतर फोनमध्ये मोजल्या, सतरा.
सहाला खाली स्कूटर,
जिन्यावर धापा, दारावर मुठी.
दार उघडलं तर जशुभाई, स्वेटर उलटा.
"शुं थयुं?"
मी पंच्यावर, डोळ्यांत चिपडं,
चोरी पकडल्यासारखा म्हणालो,
"झोपलो होतो रे."
"गोळी?"
"घ्यायची विसरलो."

तो पायरीवर बसला.
नव्या गुडघ्यांना पायरी चालत नाही, तरी बसला.
बराच वेळ नुसताच श्वास घेत राहिला.
मग म्हणाला, एवढं झोपायचं असेल
तर आधी कळवत जा.

प्रभावतीने दोघांनाही झाडलं आणि चहा टाकला.
कोनाड्यातल्या वाटीत रात्रीची पाव तशीच होती.
जशुभाईने ती चिमटीत धरली,
खिडकीच्या उजेडासमोर नेली,
सवयीने उलटसुलट पाहिली,
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
ही वाया जाणार का?